डाव्या सीटचा ब्रेक

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की गिऱ्हाईक तडक माझ्याकडे येत नाही. आधी तो दिव्याकडे काणाडोळा करतो, मग मेहुण्याला विचारतो, मग मोबाइलवर कुठल्यातरी दीडशहाण्याचा व्हिडिओ बघून बॅटरीची वायर काढतो आणि परत लावतो. एकाने तर दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली होती आणि वर मलाच म्हणाला, "आता बरी चालते गाडी." अशा माणसांशी मी जास्त बोलत नाही. माझं तोंड सुटलं की गिऱ्हाईक तुटतं, हे मला माहीत आहे.

मी गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतो. एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा आणि त्याच्या शेजारचा, घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला दिवा, हे दोन्ही एकदम लागले की लोकांच्या पोटात गोळा येतो. खरं तर त्यात घाबरण्यासारखं फारसं नसतं. चारही चाकांपाशी एकेक सेन्सर असतो, स्टिअरिंग किती वळलंय ते सांगणारा एक असतो, ब्रेकच्या तेलाचा दाब मोजणारा एक असतो आणि ब्रेकच्या पेडलला एक साधा स्विच असतो. हे सगळे गाडीला सतत काहीबाही सांगत असतात. त्यांचं एकमत असलं की दिवा बंद. एक जण काही वेगळंच बोलायला लागला की गाडी गोंधळते आणि दिवा लावते. माझं काम म्हणजे खोटं कोण बोलतंय ते शोधायचं, त्याला साफ करायचं किंवा बदलायचं, आणि स्कॅनर लावून गाडीच्या डोक्यातली ती नोंद पुसून टाकायची. दिवा विझतो. इतकी वर्षं माझं घर त्यावर चाललंय.

म्हणून माझ्या बहिणीच्या घरच्या गाडीत हे दोन दिवे लागले तेव्हा मी हातातलं काम सोडून काही धावत गेलो नाही.

ही गाडी मुळात मास्तरांची. मास्तर म्हणजे माझे मेहुणे. गाडी चालवायला शिकवायचे, म्हणून सगळ्या गावाचे मास्तर, आणि हळूहळू घरचेही मास्तरच झाले. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मास्तर डाव्या सीटवर बसायचे, सीट पार मागे ढकलून, कारण माणूस ताडमाड उंच. उजवा पाय कायम त्या ब्रेकच्या वर अधांतरी. बोलणं कमी. शिकणारा चुकला की पाय खाली जायचा, आधी हलका, मग पक्का, आणि गाडी कुणाला धक्का न बसता थांबायची. त्यांच्या उजव्या बुटाचा तळ डाव्याच्या आधी झिजायचा. चांभार हसायचा.

त्यांची एक पद्धत होती. शिकणारा तयार झाला असं त्यांना वाटलं की ते तसं बोलून दाखवत नसत. भर रस्त्यात गाडी थांबवायला सांगायचे, दार उघडून उतरायचे आणि म्हणायचे, "जा घरी. मी येतो चालत." शिकणाऱ्याची पाचावर धारण बसायची. पण तो एकटा गाडी घेऊन मास्तरांच्या घरी पोचायचा आणि किल्ली माझ्या बहिणीच्या हातात द्यायचा. तिने एकट्या माणसाला गाडीतून उतरताना पाहिलं की ती चहाला आधण ठेवायची. मास्तरांचा बिनसाखरेचा. मग कधीतरी फाटकाची कडी वाजायची, पायरीवर बूट आपटल्याचा आवाज यायचा, आधी डावा, मग उजवा, आणि ती आतूनच ओरडायची, "पाय पुसून या हं!"

गेल्या वर्षी मास्तर झोपेतच गेले. गाडीत नाही, रस्त्यावर नाही, आपल्या अंथरुणात. शिकवणी बंद झाली. गाडी भाचीकडे, त्यांच्या लेकीकडे आली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणापासून एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही. तिला डोंगरावरच्या दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी लागली आणि रोज वर जायला गाडीशिवाय सोय नव्हती. मी स्वतः डाव्या बाजूचा ब्रेक काढला. दांडा सोडवला, पत्र्यातली भोकं रबरी बुचांनी बंद केली, वर नवीन मॅट टाकली. काढलेलं पेडल फेकवेना. गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवलं.

तर दिवे लागले. मी स्कॅनर लावला. गाडीची तक्रार स्पष्ट होती: ब्रेकच्या तेलात दाब येतोय, पण ब्रेकचं पेडल कुणी दाबलेलंच नाही.

असं होतं. स्विच खराब झाला की होतंच. मी स्विच बदलला. चाकांचे सेन्सर काढून पुसले, स्टिअरिंग सरळ धरून त्याचा मध्य गाडीला नव्याने शिकवला, नोंद पुसली आणि एक फेरी मारून आलो. दिवे गुल.

"झालं?" भिंगरीने विचारलं.

"झालं. आता जा आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस."

त्याच आठवड्यात ती परत आली. तेच दोन दिवे, तीच तक्रार.

मी गाडी घेऊन डोंगर चढलो आणि उतरलो. काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, मुद्दाम वेडीवाकडी चालवली, वळणावर जोरात ब्रेक मारले. दिवा लागायचं नाव नाही. भिंगरी गाडी घेऊन गेली की संध्याकाळी दोन्ही दिवे लागलेले. माझ्या डोक्याला ताप झाला.

"तू चालवताना ब्रेकवर पाय ठेवून बसतेस का गं?" मी तिला विचारलं. "पुष्कळांना सवय असते."

ती हसली. "छे रे मामा. मी तर ब्रेक दाबतच नाही फारसा. वळणं आली की गाडी आपणहूनच हळू होते ना."

"आपणहून म्हणजे?"

"म्हणजे होते. पहिल्यापासून. बाबा असतानाही व्हायची." एवढं बोलून ती थांबली. तिच्या लक्षात आलं असावं. माझ्याही आलं. आम्ही दोघंही बॉनेटमध्ये बघत राहिलो.

त्या दुपारी मी ठरवलं की ब्रेकचा दाब सांभाळणारा मुख्य डबाच बिघडलाय. त्यातला पंप आपोआप चालू होत असणार. माझ्याकडे अपघातात मागून चेपलेल्या तशाच एका गाडीचा चांगला डबा होता. तो काढून बसवला, तेल बदलून हवा काढली, सगळं नव्याने जुळवलं. पाना ठेवायला भिंतीपाशी गेलो तर नजर खिळ्याला टांगलेल्या पेडलवर गेली. गॅरेजमध्ये धूळ किती बसते ते काही विचारू नका. दांड्यावर बोटाने नाव लिहावं इतकी बसली होती. पाय ठेवायच्या रबरावर मात्र कणही नव्हता. काळं, गुळगुळीत, लख्ख. मी ते फडक्याने उगाच पुसलं, फडकं स्वच्छच राहिलं, आणि मी दिवा मालवून घरी गेलो.

डबा बदलूनही दिवे लागले.

मग मी भिंगरीला म्हटलं, उद्या मी तुझ्याबरोबर येतो. स्कॅनर लावून ठेवतो आणि ब्रेकचा दाब चालत्या गाडीत बघतो. सकाळी मी डाव्या सीटचं दार उघडलं तर ती पटकन म्हणाली, "मामा, मागे बस ना."

"का? इथे काय झालंय?"

"काही नाही. मागे बस."

मी मागे बसलो. डावी सीट पार मागे होती, माझे गुडघे दाबले जात होते. मी वाकून सीटची कडी ओढली आणि ती चांगली पुढे सरकवली. टक् करून सीटच्या पट्टीचा दात बसल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. पाय मोकळे झाले. स्कॅनरचा पडदा मांडीवर घेतला. दाबाची हिरवी रेष तळाला सरळ चालली होती.

सकाळचं ऊन होतं, रस्ता कोरडा. भिंगरी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या नकला करत होती. मुलीचा हात चांगला आहे, गियर लोण्यासारखे टाकते. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वळण आलं तरी तिचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला जायचा नाही. ती वळणाकडे निर्धास्त जायची. आणि ऐन वेळी माझ्या मांडीवरची हिरवी रेष थोडी वर उठायची, थांबायची, मग नीट वर चढायची. आधी हलकी, मग पक्की. गाडी अलगद मंदावायची. तिचा पाय ब्रेकवर नसायचाच.

मी पडदा दोन्ही हातांनी धरून रेषेकडे बघत राहिलो.

पाण्याच्या टाकीपाशी मोठं वळण आहे. डाव्या हाताला कठडा, त्याच्या पलीकडे काही नाही. तिथून आतलं दिसत नाही. भिंगरी बोलता बोलता त्याच वेगात वळणाकडे निघाली. समोर रस्ता मोकळा होता. तरीही रेष वर उठली.

गाडी मंदावली, आणि मग वळणाआडून एक टँकर निम्मा आमच्या बाजूला येत बाहेर पडला.

आम्ही थांबलेलो होतो. टँकरवाल्याने शिवी दिली आणि घासून निघून गेला. डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे लागले.

"अगं बाई," भिंगरी म्हणाली. तिचे दोन्ही पाय खाली मॅटवर होते. ब्रेकपासून लांब.

मला तेव्हा जाणवलं की माझे गुडघे दुखतायत. मी खाली पाहिलं. डावी सीट मागे आली होती, पार शेवटच्या दातापर्यंत, आणि माझे गुडघे तिच्या पाठीत रुतले होते.

संध्याकाळी मी बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून तिला सांगितलं. पडद्यावरची रेष सांगितली, टँकर सांगितला. सीटचं सांगितलं नाही. ती भांडी पुसत होती.

"गाडी विकून टाक," मी म्हटलं. "नाहीतर मी ती सगळी यंत्रणाच बंद करतो. एक फ्यूज काढला की काम झालं."

"आणि मग टँकर आला की?"

मी पुसलेली भांडी रचायला घेतली.

"त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं तेव्हा पाय वर धरला रे," ती म्हणाली. "चुकू द्यायचे, मगच दाबायचे. हिच्या वेळी त्यांचा धीर झाला नाही. चुकायच्या आधीच दाबायचे. मी म्हणायचे, अहो, तिला लायसन मिळालंय, उतरा की एकदा. तर म्हणायचे, आज नको. उद्या बघू." तिने ताट फळीवर ठेवलं. "हिच्यासाठी ते कधी उतरलेच नाहीत, दादा."

"हे असलं माझ्यासमोर बोलत जाऊ नकोस," मी चिडून म्हणालो. "वायरींग आहे. सापडेल."

"सापडू दे," ती म्हणाली.

पण रात्रभर मला एकच गोष्ट टोचत राहिली, आणि ती वायरींगची नव्हती. पोरीला ब्रेक कुठे दाबायचा ते माहीतच नव्हतं. ज्या दिवशी ती दुसऱ्या कुठल्या गाडीत बसेल, किंवा या गाडीत हे जे काही चाललंय ते बंद पडेल, त्या दिवशी ती टाकीच्या वळणावर त्याच वेगात, हसत, डॉक्टरीणबाईंची नक्कल करत जाईल. कठडा काही फार मजबूत नाही. माझ्या बहिणीला एवढं एकच लेकरू होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

म्हणून मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. बिघाड शोधणं सोडून दिलं.

"हे बघ भिंगरे," मी सकाळी तिला म्हटलं. "आजपासून मी रोज हे दिवे पुसून देणार. तू वर जायचं आणि परत यायचं. दिवा लागला तर तू हरलीस."

"म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे गाडी हळू होण्याच्या आधी तू हळू करायची. त्याच्या आधी तुझा पाय ब्रेकवर गेला पाहिजे."

"त्याच्या म्हणजे कुणाच्या?" तिने विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. "गाडीच्या," मी म्हणालो.

पहिले काही दिवस ती रोज हरत होती. गाडी दारात लावून तोंड पाडून उतरायची. "मी दाबणारच होते रे मामा, तेवढ्यात आधीच!" मग मी दोनचारदा तिच्याबरोबर गेलो, मागच्याच सीटवर, गुडघे आडवे करून. सीट पुढे सरकवायच्या भानगडीत पडलो नाही. वळणाच्या किती आधी पाय उचलायचा, उतारावर गियर कसा खाली घ्यायचा, न दिसणाऱ्या वळणात कुणीतरी आहेच असं कसं धरून चालायचं, सगळं सांगितलं. ती कुरकुरायची. शिकत मात्र होती. तिच्या पायाशिवाय रेष उठायची वेळ हळूहळू लांबत गेली. कधी वळणाच्या अगदी तोंडाशी उठायची, कधी जेमतेम थरथरायची तोच भिंगरीचा पाय पोचायचा आणि पुढे ती त्याच्याच दाबाने चढायची. अशा वेळी मला डावीकडे बघायची इच्छा व्हायची. मी बघत नसे.

मग एकदा ती फक्त टाकीच्या वळणावर हरली. नंतरही बरेच दिवस तिथेच.

मग एका संध्याकाळी मी बहिणीच्या ओट्यावर बसलो होतो. ऊन उतरलं होतं. गाडी आली, फाटकापाशी थांबली. भिंगरी उतरली आणि किल्ली बोटात फिरवत आली.

"जिंकले!" ती ओरडली.

मी जाऊन आत डोकावलो. डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता. स्कॅनर लावला. सगळं स्वच्छ. माझा जीव भांड्यात पडला. इतका आनंद मला स्वतःच्या कुठल्या कामाचा झाला नसेल. मी तिच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"टाकीपाशी पण?"

"टाकीपाशी पण. मी आधीच हळू केली. आणि बरं झालं, आतून रोडरोलर येत होता. पूर्णच थांबवली मी. मीच." ती एकदम गंभीर झाली. "तिथे एक गंमत झाली मामा."

"काय?"

"थांबले होते ना, तेव्हा दार उघडं असल्याचा दिवा लागला. डावीकडच्या दाराचा. टुंग टुंग वाजला. मला वाटलं नीट लागलं नसेल, म्हणून हात लांब करून ओढून बघितलं तर बंदच होतं. मग दिवाही गेला."

मी गाडीकडे वळून पाहिलं.

"आणि गाडी जराशी वर उचलली गेली. कुणी उतरल्यावर उचलते तेवढी." तिने किल्ली ओट्यावर ठेवली. "ते पण वायरींगच असेल, नाही?"

बहीण दारात उभी होती. कधी आली होती कळलं नाही. तिने ओट्यावरची किल्ली उचलली, मुठीत धरली आणि आत गेली. आम्ही तिच्या मागोमाग गेलो. तिने आधण ठेवलं.

टाकीपासून घरापर्यंतचा रस्ता बराच आहे. पायी यायचं म्हणजे अंधार पडतोच. मी हे मनात का मोजतोय ते मला कळेना. भिंगरी दवाखान्यातलं काही सांगत होती. बहीण ऐकत होती, पण पातेलं गॅसवरून उतरवत नव्हती. पाणी आटलं की थोडं घालायची. आच कमी करायची.

"अगं, कर की आता चहा," मी म्हटलं.

"थांब जरा."

बाहेर संधिप्रकाश गेला. तिने दिवा लावला. चहा गाळायला कप मांडले. चार.

मी त्या कपांकडे बघितलं. भिंगरीनेही बघितलं.

फाटकाची कडी वाजली.

मग पायरीवर बूट आपटला.

डावा.

मग उजवा.

बहीण गाळणी धरून उभी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"पाय पुसून या हं," ती म्हणाली, आणि तिघांच्या कपात साखर घालून चौथ्यात नुसता चहा ओतला.